ऊर भरून येतो तेव्हा

आपल्या भाषेत छातीच्या दुखण्याचे जितके वाक्प्रचार आहेत तितकी औषधे एखाद्या वैद्याच्या पेटीतही नसतील. काळजात धस्स होते, काळजाचे पाणी पाणी होते, काळीज फाटते, ऊर दडपतो, ऊर भरून येतो, जीव टांगणीला लागतो आणि संकट टळले म्हणजे तोच जीव भांड्यात पडतो. गंमत अशी की, काळीज म्हणजे खरे पाहता यकृत. जुने कोशकार तोही अर्थ देतात आणि मटणाच्या दुकानात आजही तोच चालतो. पण घरात, अंगणात, ओवीत किंवा पत्रात काळीज म्हटले की हात जातो तो छातीच्या डाव्या बाजूला. मायबोलीने शरीरशास्त्राची पर्वा कधी केली नाही. दुखते कुठे, एवढेच तिला पक्के ठाऊक.

हे सारे वाक्प्रचार मी शाळेत वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेत आले आहे. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’, गुण पाच. काळीज फाटणे म्हणजे अतिशय दुःख होणे, असे फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. काळीज काही खरोखर फाटत नसते, ही बोलण्याची रीत आहे, हे मुलांना निराळे सांगावेही लागत नाही. परंतु २०२२ च्या आश्विनात अकोल्याच्या एका इस्पितळात एका तरुण डॉक्टरने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने एक आकृती काढून आम्हांला दाखवली, आणि तेव्हापासून तो पाच गुणांचा प्रश्न मला तितकासा सोपा वाटेनासा झाला.

ती आकृती माझ्या भाचीच्या हृदयाची होती.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. माहेर वाशीम तालुक्यातल्या एका खेड्यात, सासर पुसदकडे. पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आलेली. अंगापिंडाने चांगली धडधाकट. महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते, तीही तिने चुकवली नव्हती. रक्तदाब ठीक, साखर ठीक. अडचण होती ती एकच. मूल पायाळू होते. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते, त्याने लाथ मारली की लचकलेली कंबर सुटते, अशी आपल्याकडे त्याची मोठी मिजास. परंतु त्याला जन्माला घालणारीची काय दशा होते ते त्या कौतुकात कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, शस्त्रक्रिया करणे बरे. त्या दिवसांत शेतात सोयाबीनच्या काढणीची धांदल होती, वरून परतीचा पाऊस. गंजीवर ताडपत्री घालावी की दवाखान्यात डबा पोचवावा, या ओढाताणीत सारे घर. कोजागरीच्या आदल्या दिवशी दुपारी कण्यात भुलीची सुई देऊन शस्त्रक्रिया झाली आणि मुलगी झाली. पहिली बेटी, धनाची पेटी! पेढे आले, फोन झाले. बाळाचे नाक कुणावर गेले यावर ओसरीत वाद सुरू झाला आणि आजोबांनी तो आपल्या बाजूने निकालात काढला.

रात्री दहाच्या सुमारास खोलीत मी, माझी बहीण आणि नात्यातल्या एक वृद्ध बाई एवढ्याच होतो. बाळ बहिणीच्या मांडीवर. भाचीने माझा हात धरला आणि हळूच विचारले, “मावशी, मले दम काहून लागून रायला वं?”

उत्तर त्या वृद्ध बाईंनी दिले. “पहिलटकरीण हायेस माय, घाबरलीस. पोट चिरलं तं इतलं होतेच. डोळे मिटून पड.” बोलणे मायेचे होते. तिचा पदर सारखा करून त्यांनी कपाळावरून हातही फिरवला. भाचीने डोळे मिटले; पण आडवी होईना. उशीला रेलून बसली, तरी दम तसाच. “छातीवर कोणी पाटा ठेवल्यावानी वाटते,” म्हणाली. मी जाऊन परिचारिकेला बोलावून आणले. ती पोरसवदाच होती, पण तिने घाबरलीस का असे विचारले नाही. नाडी मोजली, पुन्हा मोजली, रक्तदाब घेतला, बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा पाहिला आणि काही न बोलता झपाझप डॉक्टरांकडे गेली. तिची ती चाल मला अजून आठवते. पायांत वहाणा होत्या की नव्हत्या कोण जाणे, आवाज म्हणून झाला नाही.

नाडी धावत होती आणि रक्तदाब उतरत होता. कार्डिओग्राम काढला तो हृदयविकाराच्या झटक्यासारखा. अठ्ठाविसाव्या वर्षी! प्राणवायू लावला, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि आम्ही अकोल्याच्या वाटेला लागलो. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. मालेगाव मागे पडले, मेडशी मागे पडली, पातूरच्या अलीकडे घाटाची वळणे सुरू झाली. पुढच्या गाडीत भाची, मागच्या गाडीत आजीच्या मांडीवर एका दिवसाचेही नसलेले बाळ. टिपूर चांदणे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्याच चांदण्यात घरोघर दूध आटणार होते.

अकोल्यात पुन्हा तपासण्या झाल्या. झटक्याच्या वेळी हृदयाच्या स्नायूतून रक्तात उतरणारे द्रव्य वाढलेले निघाले. फुप्फुसांत पाणी साचले होते, त्यानेच दम कोंडत होता. मग हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून चित्रे घेतली. साऱ्या वाहिन्या धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ! कुठे गाठ नाही, अडथळा नाही. झटक्याचे सारे पुरावे हजर आणि चोर मात्र घरात शिरलेलाच नाही, असा तो मामला. तेव्हा डॉक्टरांनी ध्वनिलहरींच्या यंत्रावर दिसलेले चित्र आम्हांला कागदावर काढून दाखवले. हृदयाचे चार कप्पे मी फळ्यावर कितीदा काढलेले. त्यांतला डाव्या बाजूचा खालचा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवतो. भाचीचा तो कप्पा वरच्या बाजूला, मानेशी, जिवाच्या आकांताने आवळत होता; आणि खालचे टोक सुस्त पडून फुग्यासारखे फुगले होते. अरुंद मान आणि गोल पोट.

“हा तं चंबू झाला,” माझी बहीण म्हणाली.

डॉक्टर चमकून तिच्याकडे पाहत राहिले. “जपानी डॉक्टरांनी अगदी हेच नाव दिलं आहे, आई,” ते म्हणाले.

ती कथा अशी. जपानचे कोळी ऑक्टोपस धरण्यासाठी मातीची भांडी दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. त्या आठ भुजांच्या जलचराला अंधारी बिळे आवडतात. आयते घर मिळाले म्हणून तो भांड्यात शिरतो आणि भांडे वर ओढले की हाती लागतो. या भांड्याला तिकडे म्हणतात ताकोत्सुबो. ताको म्हणजे ऑक्टोपस आणि त्सुबो म्हणजे मडके. १९९० साली हिरोशिमा येथील हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आकारावरून त्याला त्या भांड्याचे नाव दिले. आमच्या भागात समुद्र पाहिलेले माणूस विरळा. ऑक्टोपस तर चित्रातलाच. पण अरुंद गळ्याचा आणि गोल पोटाचा चंबू आमच्या प्रत्येक देवघरात असतो. आजार जपानी नावाचा असला तरी ओळखीचा निघाला.

पहिली काही वर्षे ही माहिती बहुतांशी जपानातच राहिली. २००४ च्या ऑक्टोबरात तिथल्या निगाता भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यानंतरच्या दिवसांत असे रुग्ण एकाएकी वाढल्याचे तिथल्या डॉक्टरांना दिसले. त्यांत वृद्ध स्त्रिया फार. २००५ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांचा अभ्यास मांडला. अकस्मात मोठा मानसिक धक्का बसल्यावर यांची हृदये लुळी पडली होती. त्यांच्या रक्तातील अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या भावंडांचे प्रमाण तपासले, तर ते हृदयविकाराच्या खऱ्याखुऱ्या मोठ्या झटक्याने आजारी असलेल्यांच्याही दोन ते तीन पट निघाले! अॅड्रिनॅलिन म्हणजे संकटकाळी मूत्रपिंडावरच्या चिमुकल्या ग्रंथी रक्तात ओततात ते द्रव्य. कुत्रे मागे लागले की पाय आपोआप पळू लागतात ती याची करामत. एरवी हा आपला तारणहार. पण त्याचा लोंढाच आला तर ज्या हृदयाला त्याने हाक द्यायची त्यालाच तो बधिर करून टाकतो. आडात पाणी हवे, पण धरण फुटून यावे असे नव्हे.

या दोन आजारांतला भेद डॉक्टरांनी आम्हांला फार सोप्या रीतीने समजावला. झटक्यात रक्तवाहिनी बंद होते, स्नायूचा तेवढा तुकडा मरतो आणि तिथे कायमचा वण राहतो. चंबूच्या आजारात स्नायू मरत नाही, तो बधिरतो. मांडी घालून फार वेळ बसले की पाय बधिर होतो, मुंग्या येतात, मग हळूहळू तो आपला होतो, तसे काहीसे. बहुतेक रुग्णांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत हृदय पूर्वीसारखे चालू लागते. “पण म्हणून हा आजार साधा नाही,” त्यांनी बजावले. ते खरेच आहे. युरोप-अमेरिकेतल्या १७५० रुग्णांची मोठी नोंद २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत दिसले की, इस्पितळात असतानाचे धोके यातही झटक्याच्या रुग्णांइतकेच असू शकतात. त्या नोंदीत १०० पैकी जवळजवळ ९० रुग्ण स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६ च्या पुढे. तरुण बाळंतिणीला हा आजार होणे विरळाच. पण होतो, आणि झालेल्यांत पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ आढळतात. बहुतेकदा पहिल्या काही तासांत किंवा दिवसा-दोन दिवसांत तो प्रकट होतो.

तिलाच का व्हावा? याचे एक उत्तर नाही. बाळंतपणात शरीरावर एकाच वेळी काय काय येऊन कोसळते पाहा. गर्भारपणी अंगातले रक्त वाढलेले असते, त्याचा भार हृदय महिनोन्महिने वाहत असते. वार पडली की स्त्रीचे संप्रेरक, जे नऊ महिने भरतीला आलेले असते, ते झपाट्याने ओसरते. ते हृदयाचे रक्षण करते आणि ते ओसरले की हृदय उघडे पडते, असा तज्ज्ञांचा एक तर्क आहे. म्हाताऱ्या स्त्रियांत हा आजार जास्त का, याचाही धागा तिथेच जुळतो. त्यात सुरी, रक्तस्राव, वेदना, भूल, आणि घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी कधी द्यावी लागणारी अॅड्रिनॅलिनच्याच कुळातली औषधे. त्यावर भीती. आणि त्यावर आनंद! होय, आनंदही. २०१६ साली त्याच नोंदीतल्या ४८५ रुग्णांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. भावनेच्या भरात ज्यांना हा आजार जडला ते हे रुग्ण. त्यांतल्या २० जणांना तो दुःखाने जडलेला नव्हता, सुखाने जडला होता. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलाचे लग्न, कुणाला नातवंड झालेले. हृदयाला दुःखाचा लोंढा आणि आनंदाचा लोंढा ओळखू येत नाही. ते लोंढा तेवढा ओळखते. आपण ‘ऊर भरून आला’ हे दोन्ही वेळा म्हणतो, ते काही उगाच नव्हे.

इथवर सारे ठीक होते. औषधांनी फुप्फुसांतले पाणी उतरत होते, चौथ्या दिवशी भाची अतिदक्षता विभागातून बाहेर आली. खरी अडचण उभी राहिली ती आजाराच्या मराठी नावापाशी. ‘ताणामुळे होणारा हृदयस्नायूचा विकार’ असे कुणीतरी सांगितले आणि तो ‘ताण’ हा शब्द ओसरीवरच्या माणसांत जाऊन पडला. पुसदहून तिचे सासू-सासरे आले होते. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या कुणाला उद्देशून म्हणून नव्हे, भिंतीकडे पाहून बोलल्या, “ताण? आमच्या घरी तिले कायचा ताण होता बाप्पा? इकडची काडी तिकडे करू देली नाही.” तेवढ्यात आमच्याकडच्या कुणीतरी सूचक मान हलवली. झाले! ज्या घरात दोन दिवसांपूर्वी बाळाचे नाक कुणावर यावर गोड भांडण होते, तिथे आता सुनेचे हृदय कुणी फुगवले यावर अबोला सुरू झाला. आणि खाटेवर पडलेल्या त्या पोरीने हे सारे ऐकले. ती मला म्हणाली, “मावशी, बाकीच्या बायाईचंही पोट चिरते. मीच कशी इतली कच्ची?”

मला त्या रात्रीच्या घाटापेक्षा हे वाक्य अवघड गेले. पहिल्यांदा ती दम लागतो म्हणाली तेव्हा उत्तर मिळाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मग यंत्राने साक्ष दिली, आजाराला नाव मिळाले, आणि त्या नावानेही पुन्हा तेच सांगितले, तुझ्या मनाचे खेळ आहेत! बाईचे दुखणे खरे ठरले तरी तिची सुटका नाही. दुखणे खरे, पण दोष तिच्या कच्चेपणाचा.

मी ते वाक्य तसेच डॉक्टरांना सांगितले. ते दुपारच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी मुद्दाम दोन्हीकडच्या मंडळींना खाटेजवळ बोलावले. म्हणाले, “ताण म्हणजे सासुरवास नव्हे. दोरीवर ताण येतो, पुलावर ताण येतो, तसा शरीरावरही येतो. हिच्या मनाने काही केलेलं नाही आणि तुम्हीही काही केलेलं नाही. शस्त्रक्रिया हाच ताण.” आणि मग त्यांनी सांगितलेले आकडे मी टिपून ठेवले. त्या १७५० रुग्णांत आजार सुरू होण्याला शारीरिक निमित्त १०० पैकी ३६ जणांना होते, भावनेचे निमित्त सुमारे २८ जणांना, थोड्यांना दोन्ही. आणि १०० पैकी २८ हून अधिक जणांना कसलेच निमित्त सापडले नाही. म्हणजे ‘हृदयभंग’ हे जे गोड, कादंबरीत शोभणारे नाव या आजाराला मिळाले, ते निम्म्याहून अधिक रुग्णांना लागूच पडत नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. असे नाव आयते मिळाले तर कुणाला नको? पण ज्या बाईला ते चिकटते तिला ते ओझे वाटते.

सासूबाई थोडा वेळ गप्प उभ्या होत्या. मग पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढून त्यांनी माझ्या बहिणीच्या हातात दिला आणि डॉक्टरांना विचारले, “हे चालतीन का इले?” अबोला तिथे संपला.

ती पाचवीची रात्र होती. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा मालवू देत नाहीत, घरातल्या बाया जागतात. इस्पितळात दिवा लावायची सोय नव्हती. बहिणीने बाळाच्या उशाखाली एक कागद आणि माझे लाल शाईचे पेन ठेवले. शिक्षकाच्या लाल शाईने सटवाईने गुण जरा सढळ द्यावे, एवढीच अपेक्षा. पण त्या रात्री जागताना मला वाटून गेले की, या चालीरीतींच्या पोटात एक शहाणपण दडलेले आहे. पहिल्या काही रात्री धोक्याच्या, हे आपल्या आज्यांना अनुभवाने माहीत होते. बाज, शेगडी, धुरी, खारीक-खोबरे हा वरचा थाट. आतला गाभा एवढाच की, बाळंतिणीला एकटी सोडू नये, कुणीतरी जागे असावे. चूक झाली ती पुढे. जागणारांचे डोळे हळूहळू आईवरून निघून बाळावर खिळले.

एके काळी या रात्री किती जणींवर उलटल्या त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ‘बाळंतरोगाने गेली’ या दोन शब्दांत ताप, रक्तस्राव, झटके, हृदय, सारेच बसून जाई. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर होता. ही निवड मला फार बोलकी वाटते. पुढच्याच वर्षी, वयाची २२ वर्षेही पुरी झाली नसताना, त्या क्षयाने गेल्या. तेव्हापासून गंगेत पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली १०० पैकी जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. २०१८ ते २० या काळात एक लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. हे मोठेच यश आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० पैकी २५ बाळंतपणांत पोटावर शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. म्हणजे दर चार बाळंतिणींत एक. तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या दोन रात्री हा आता घरोघरचा विषय झाला आहे.

भिण्याचे कारण नाही, हे मी सणासुदीच्या दिवशी वाचणाऱ्या लेकी-सुनांना आवर्जून सांगते. शस्त्रक्रियेने हजारो जीव वाचतात. माझी नात आडवाटेने जगात आली ती तिच्यामुळेच धड आली. परंतु काही खुणा घरातल्या प्रत्येक माणसाला, पुरुषांनाही, ठाऊक असाव्यात. बाळंतीण थकलेली असतेच. पण आडवे पडले की दम लागतो आणि उठून बसावे लागते, छातीवर ओझे वाटते, बसल्या जागी काळीज धडधडते, पायांवर एकाएकी सूज चढते, डोळ्यांपुढे अंधारी येते, यांतले काहीही थकवा म्हणून सोडून देऊ नये. आणि हे केवळ पहिल्या दोन रात्रींपुरते नाही. चंबूच्या आजाराची एक चुलतबहीण आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत केव्हाही हृदयाचा स्नायू हळूहळू अशक्त होत जातो, आणि तो पुरता सावरेलच अशी खात्री नसते. तिच्याही खुणा याच. तेव्हा बाळाला घेऊन लसीसाठी जाल त्या दिवशी आईचीही चौकशी व्हावी.

भाचीच्या हृदयाची चौथी आकृती सहा आठवड्यांनी निघाली. चंबू नाहीसा झाला होता. फळ्यावर काढतो तसा सरळ, साधा कप्पा. दुसरे मूल हवे असल्यास आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे, कारण क्वचित हा आजार उलटतो, एवढी ताकीद मात्र मिळाली. तिने तो कागद बाळाच्या लसीच्या कार्डातच घालून ठेवला आहे.

आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. वत्स ऋषींवरून हे नाव पडले असे सांगतात. पण वत्स म्हणजे वासरूही, लेकरूही, आणि मला तो अर्थ अधिक आवडतो. दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो, तीही याच शब्दाची आहे, गोवत्स द्वादशी. त्या दिवशी वासरू असलेली गाय पुजायची. तिचे पाय धुवायचे, तिला ओवाळायचे, तिला घास द्यायचा. वासरू शेजारी बागडत असते, त्याच्याही कपाळाला कुंकू लागते. पण मान पहिला गायीचा. ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांना ठाऊक होते की, वासराचे सारे कौतुक गायीच्या श्वासावर उभे आहे.

या दिवाळीत आपल्या ओळखीत कुठे पाळणा हलला असेल. आपण बाळंतविडा घेऊन जाल, झबले-टोपरे न्याल. पाळण्यात वाकण्याआधी बाजेकडे वळा. तिच्याजवळ बसा आणि बाळ कसे आहे हे न विचारता तिला विचारा, ‘तुला कसं वाटतं? झोप येते का आडवं पडून?’ आणि ती जे सांगेल ते खरे धरा.